माणसांचा आवाज

राजुरी

प्रिय वृषाली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच फडताळात टाकावंसं वाटेल तुला. पण तू शाळेपासूनची भोचक, फोडशीलच. दीड वर्ष आपण बोललो नाही, आणि तुला फोन लावायची माझी छाती होत नाही.

इकडे टोमॅटोची तोडणी चालू आहे. हे सकाळीच टेम्पो घेऊन मार्केटला जातात. सासूबाई वारल्या तेव्हा माझी अक्षदा जेमतेम वर्षाची होती, तिला सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. त्याच महिन्यात शेजारच्या भिकाभाऊंची शेळी बिबट्याने भरदिवसा अंगणातून उचलली. भाऊ म्हणाले, "वैनी, घरात मानसांचा आवाज पायजे. आवाज असला की त्यो जवळ येत न्हाई." उसाकडेने जाताना आम्ही बाया मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतोच. मी तेच घरात केलं. फोनचा आवाज वाढवून पोरीपुढे ठेवायचा, बाहेरून कडी लावायची आणि तोडणीला जायचं. अधूनमधून खिडकीतून बघितलं की ती आपली हसत बसलेली. बिबट्या लांब आणि पोर जागेवर. मला माझ्याच हुशारीचं लई कौतुक होतं. इथल्या अंगणवाडीची वाटही उसातूनच जाते, म्हणून तीही सोडली.

तुमच्या आणे गावच्या यात्रेला मी तिला घेऊन आमटी-भाकरी खायला आले होते, तेव्हा तू तिला चार हाका मारल्यास. तिने मानसुद्धा वळवली नाही. तुझ्या अंगणवाडीत रोज इतकी पोरं असतात, तुला लगेच कळलं. बाजूला घेऊन म्हणालीस, "उज्ज्वला, फोन काढ तिच्याफुडून. पोरगी अजून बोलत न्हाई." मी मात्र सगळ्यांसमोर भडकले. तुमच्या पठारावर ऊस नाही, तुला बिबट्याचं काय कळतंय, असं म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं.

अक्षदाला आता पाचवं सरेल. कार्टूनमधली हिंदी घडाघडा म्हणते, अगदी त्याच आवाजात. पण तहान लागली की माझा हात धरून हंड्यापाशी नेते, तोंडातून शब्द नाही. गेल्या महिन्यात जुन्नरला दाखवलं. कान तपासले, ते चांगले आहेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसभर हिच्याशी कोण बोलतं? मी म्हटलं, फोन. त्या म्हणाल्या, फोन बोलतो हो, पण तिच्या उत्तरासाठी थांबतो का? मला तिथंच रडू फुटलं. माझ्या पोरीला कुणी काही विचारून थांबलंच नव्हतं, मग तिने उत्तर द्यायचं शिकायचं कुठून?

फोन आता पेटीत कुलपात आहे. अक्षदा पेटीवर डोकं आपटते आणि मला ओरबाडते. माझे हात बघशील तर घाबरशील. मी बोलते तिच्याशी, पण भाकरी थापताना नि भांडी घासताना जमेल तेवढंच. तोडणी थांबवता येत नाही. बिबट्याही गेलेला नाही, परवाच बांधावर पावलं दिसली. शेतात न्यावं तर भीती, घरात कोंडावं तर पुन्हा तेच.

वृषाली, "तुला सोत्ताचं लेकरू न्हाई, म्हनून लोकांच्या लेकरांत खोट काढतीस," हे मी तुला चार बायांसमोर बोलले. दवाखान्यांचे हेलपाटे घालून तू किती खचली होतीस, हे त्या बायांत फक्त मलाच माहीत होतं. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. आणि त्याच निर्लज्ज तोंडाने अजून एक मागते. अक्षदाला दिवाळीपर्यंत ठेवून घेशील? तुझ्याकडे दिवसभर पोरांचा गलका असतो आणि दार उघडं असतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही. सोडून निघताना ती माझ्यासाठी रडायची नाही, हेही मला ठाऊक आहे. तिने आजवर कुणालाच आई म्हणून हाक मारलेली नाही. तुझ्याकडे बघून मारली, तर तिला टोकू नकोस. ओ दे.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
उज्ज्वला