दाखवण्यापुरतं एक भजन

पुणे, १८ नोव्हेंबर १९९६

चि. सुलभास अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे थंडीने धरतात, बाकी विशेष नाही. हैदराबादच्या अमीरपेठेतल्या त्या कॉम्प्युटर कोर्सपायी आमची तन्वी वर्षभर तुझ्या गळ्यात पडली आहे, याची मला जाणीव आहे. मंगलाने मेतकूट केलं आहे, येताना आणीन.

येणं ठरलं आहे. तिथल्याच हिमायतनगरच्या नामदेवरावांचा कौस्तुभ न्यू जर्सीहून पंधरा डिसेंबरला घरी असेल. असं स्थळ आपल्या दारात चालून आलं आहे. त्याची आई शोभाताई फोनवर म्हणाल्या की तिकडे आपल्या लोकांचं मंडळ आहे, गणपतीत कार्यक्रम होतात, सुनेला एखादं वाद्य येत असलं तर फार बरं. तन्वी मँडोलिन शिकते असं तू मागे लिहिलं होतंस. मी लगेच सांगून टाकलं की उत्तम वाजवते.

तेव्हा तिच्या बाईंना सांग, सारेगम घोटणं आता पुरे. सोबत कॅसेट पाठवतो आहे. दुसऱ्या बाजूचं पहिलं भजन बसवून घ्या. सगळं नको, ध्रुवपद आणि एक कडवं पुरे. हल्ली अमेरिकेतल्या मुलांसाठी रांगा लागल्या आहेत, तेव्हा हयगय नको.

तन्वीला आशीर्वाद. तुमच्या दोघींच्या भरवशावर आहे.

तुझा
किशोरदादा


अंबरपेठ, हैदराबाद
२६ नोव्हेंबर १९९६

ती. दादास सा. न.

कॅसेट पोचली. ती मी कपाटात ठेवून दिली आहे. हे वाचून तुला राग येईल. येऊ दे, मला आधीच आला आहे.

उत्तम वाजवते, हे तुला कुणी सांगितलं? मी लिहिलं होतं, शिकायला लागली आहे. तिच्या बाई शारदम्मा नारायणगुड्याला शिकवतात. त्यांच्याकडे सगळ्यांची सुरुवात सरळीने होते. सरळी म्हणजे आपले पलटेच, आपल्या भैरवासारख्या एका रागात. आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. तारा जोडीजोडीने असतात, त्या दाबून तन्वीच्या बोटांची टोकं आधी सोलली, आता कुठे घट्ट झाली आहेत. सरळी हातात बसली की मग पहिली खरी धून, गणपतीचं एक छोटं गीत. त्या गीतापर्यंत पोचायचं म्हणून पोरगी क्लासहून आली की चहासुद्धा विसरते.

तरी तुझ्या शब्दाखातर मी शारदम्मांना विचारलं. त्या म्हणाल्या, भजन पाठ करून घेता येईल, पण मग हात त्या एका भजनापुरताच वळतो. मी तिथेच नक्को म्हणून आले.

आणि हे तू मला लिहावंस? माझ्या वेळी आईने मला पेटीवर एकच भजन बसवून दिलं होतं. जो बघायला येई त्याच्यापुढे तेच. तू शेजारी बसून मान डोलवायचास. शेवटचे लोक नकार देऊन गेले त्या दिवसापासून मी पेटीला हात लावलेला नाही. कॉलेजात शिकवते, सुखात आहे, लग्नावाचून माझं काही अडलं नाही. पण पेटी मला आवडायची रे दादा. ती मात्र तुम्ही माझ्याकडून घालवलीत.

मुलगा जरूर दाखव, चांगला असेल. फक्त त्यांना खरं काय ते सांग.

वहिनींना नमस्कार. माझा राग उतरला की लोभ आहेच.

सुलभा


अंबरपेठ, १७ डिसेंबर १९९६

प्रिय आई, सा. न.

हे पत्र येईपर्यंत बाबांनी तुला त्यांची बाजू सांगितली असेल. आता माझी ऐक.

बाबांनी नामदेवरावांकडे खरं काहीच सांगितलं नव्हतं. आत्याने निघताना विचारलं, तर म्हणाले, वेळेवर निभेल. पोहे झाले, कौस्तुभशी थोडं बोलणं झालं. मुलगा साधा वाटला. मग शोभाताई म्हणाल्या, आता ते भजन होऊ दे. भजनाचं नावसुद्धा बाबांनी त्यांना कळवून ठेवलं होतं! मी सांगितलं की मला भजन येत नाही, नुकती सुरुवात आहे, येतं तेवढं वाजवते. आणि सरळी वाजवली.

पहिल्या दोन लयी नीट गेल्या. चौपटीत अडखळले, थांबले, परत पहिल्यापासून घेतली. शोभाताई हसून म्हणाल्या, ही तर टायपिंगची परीक्षा झाली. मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच. पण बाबाही त्यांच्याबरोबर हसले. म्हणाले, पोरगी लाजते आहे, घरी तासन्‌तास वाजवते, ऐकत राहावंसं वाटतं.

आई, माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं की बाबांनी मला आजपर्यंत एकदाही ऐकलेलं नाही.

त्यानंतर आम्ही लगेच उठलो आणि ऑटोने घरी आलो. आल्या आल्या बाबांनी आपली बॅग भरली, मँडोलिन उचललं आणि म्हणाले, आता याची गरज नाही. आत्या दारात आडवी उभी राहिली. तिला बाजूला सारून ते नामपल्ली स्टेशनवर गेले. ते मँडोलिन मी मुलांच्या ट्यूशन घेऊन स्वतःच्या पैशांनी आणलं होतं. मला रडू येत नाहीये, नुसता संताप येतोय.

तू गुडघ्यांना तेल लाव. माझ्यावर माया ठेव.

तुझी
तन्वी


पुणे, २३ डिसेंबर १९९६

सुलभास आशीर्वाद.

नामदेवरावांचा नकार आला. येणारच होता. चारचौघांत बापाला खोटं पाडणारी मुलगी कोण करून घेईल? हे धडे तिने तुझ्याच घरात गिरवले. तुझं लग्न जमलं नाही म्हणून तिचंही जमू नये, असं तुला वाटत असलं तर स्पष्ट सांग.

तन्वीला कळव की कोर्स संपल्यावर तिने आपली सोय आपण पाहावी. ती माफी मागेपर्यंत या घराचं दार तिला बंद आहे. मंगलाचंही हेच मत आहे.

यापुढे लोभाची भाषा नको.

किशोर


अंबरपेठ, २२ फेब्रुवारी १९९७

नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. मुद्दामच उत्तर दिलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे चुकलंमाकलं तर चालवून घ्या.

मी न सांगता का निघून आले, असं तुम्ही विचारलं आहे. तुमचं डिसेंबरचं पत्र सुलभाताईंनी मला फोनवर वाचून दाखवलं. मुलीला दार बंद, आणि मंगलाचंही हेच मत. माझं मत तुम्ही मला कधी विचारलंत? तुम्ही ते लिहिलंत त्या दिवशी मी तुमच्या शेजारच्या खोलीत गहू निवडत होते. हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं. मुलगी उत्तम वाजवते हेही असंच तुम्ही परस्पर ठरवलंत, आणि माझं मन काय म्हणतं तेही. शोभाताईंपुढे तुमचा अपमान झाला, तो मला समजतो. पण माझ्या नावाने माझ्याच लेकीला तोडलंत, ते मी गिळणार नाही. म्हणून तुम्ही ऑफिसात असताना तुमच्या कपाटावरचं मँडोलिन काढलं आणि गाडीत बसले. प्रवासभर ते मांडीवर घेऊन मी नुसती धुमसत होते.

इथे पहिले काही दिवस तन्वी माझ्याशीही बोलत नव्हती. तिला वाटत होतं, खरंच मी तसं म्हणाले. मी तसं म्हटलं नाही, हे तिला पटवायला मला किती दिवस लागले, ते तुम्हाला कधी कळणार नाही.

परवा तिचं गणपतीचं गीत बसलं. शारदम्मा चाला बागुंदी म्हणाल्या, म्हणजे छान झालं. घरी येऊन तिने आम्हाला ऐकवलं. इतकं छोटं आहे की मी नीट बसते न बसते तोच संपलं. एका जागी तार कचकन वाजली, तिचं तिलाच कळलं आणि ती हसली. मी पुन्हा वाजवायला सांगितलं. मग सुलभाताईंनीही आणखी एकदा वाजवायला लावलं.

मी परत येईन, घर माझंही आहे. पण आधी तुम्ही इथे यायचं. माफीचं पत्र पाठवाल तर मी ते उघडणार नाही. दार बंद म्हणालात, ते इथल्या दारात येऊन मागे घ्या. नंतर एक शब्दही बोलू नका. मुलीसमोर बसा आणि ती थांबेपर्यंत ऐका. कसं वाजवते ते मग लोकांना सांगा.

लोभाचं त्या दिवशी पाहू.

मंगला