सायकल घेऊन जा, मामा

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनातून आहे. प्रत्यक्षात माझे गुडघे वाकेनासे झाले आहेत, त्याचं कारण पुढे येईलच.) तुमची तब्येत ठणठणीत असणार, कारण सायकल तुम्ही मला देऊन टाकलीत. मामींचा खांदा आता कसा आहे? इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे तुमची भाचेसून बरी आहे आणि मी आहे.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की सायकल घेऊन जा. आमच्या घराजवळचा बसथांबा हलवला तेव्हा तुम्ही मोठ्या प्रेमाने ती माझ्या हवाली केलीत आणि पाय चालले की डोकं चालतं, असंही बजावलंत. मामा, तुम्ही उभी हयात गोदामात काढलीत. तिथे मळक्या पँटीकडे बघायला उंदरांखेरीज कोणी नव्हतं. मी सुटाबुटाच्या दुकानात उभा असतो. आमच्या मालकांचं म्हणणं असं की गिऱ्हाईक आधी विक्रेत्याची पँट बघतं आणि मग स्वतःसाठी मागतं. त्यामुळे कोट, टाय, पॉलिश केलेले बूट आणि सुरीसारखी धार असलेली इस्त्री यांतलं एक जरी चुकलं तरी त्या दिवशी कोपऱ्यात बसून बटणं मोजावी लागतात. त्यात पहिल्या मजल्याचे प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेसाठी आम्ही दोघंच उरलो, मी आणि कडक इस्त्री. (हे त्याचं खरं नाव नाही. पण त्याच्या आईनेही आता हेच मान्य केलं असावं, इतका तो नीटनेटका असतो.) अकरा वर्षं मी त्या जागेकडे डोळे लावून बसलो होतो. ती मिळावी असं मला फार म्हणजे फारच वाटत होतं, हे तुम्हाला माहीत आहे.

आता सायकलचे प्रताप ऐका. पहिल्याच दिवशी पँटीच्या उजव्या पायाची मोहरी चेनमध्ये गेली आणि काळ्याकुट्ट वंगणाची नक्षी घेऊन बाहेर आली. दुसऱ्या दिवशी मी मोहरीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, तर टाय वाऱ्याने उलटा फिरून तोंडावर बसला आणि मी चौकातल्या पोलिसाला आंधळेपणाने वळसा घातला. (त्याने शिट्टी वाजवली नाही. त्याला कीव आली असणार.) तो चिमटा काढायचा राहिला. दुपारपर्यंत मी त्याच थाटात गिऱ्हाइकांना कोट चढवत होतो. एका गृहस्थांनी तो पँटीबरोबर मिळतो का, असं अदबीने विचारलं, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. पुढे तुमच्या त्या मधल्या दांड्यावरून पाय टाकताना राखाडी पँट नको तिथे टरकली. तुमच्या भाचेसुनेने तोंडाने न हसता (खांदे तेवढे हलत होते) मांड्यांच्या जोडापाशी आतून चौकोनी तुकडा घालून ती अशी शिवली की पाय कुठेही फेकावा, कापड हूं की चूं करत नसे.

इतकं झाल्यावर मी तुम्हाला फोन केला, आणि इथेच माझं चुकलं. तुम्ही म्हणालात, जुन्या कपड्यांत जा आणि तिथे जाऊन बदल, त्यात काय मोठंसं? सांगायला काय जातं, मामा! आमच्या दुकानाला मागची खोली नाही. आहे ते एक बेसिन आणि गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायच्या तीन खोल्या. तरी मी तुमचा शब्द मोडला नाही. अर्ध्या चड्डीत सायकल मारायची, राखाडी पँट पुठ्ठ्यात गुंडाळून न्यायची, मधल्या खोलीत हँगरला लावायची, मागे जाऊन तोंड धुवायचं आणि मग बदलायचं, असा शिरस्ता ठेवला. काही दिवस तो चालला, म्हणून मला वाटलं गंगेत घोडं न्हालं.

मग तो शनिवार उजाडला. त्या दिवशी मालक स्वतः येऊन प्रमुख ठरवणार होते. मी तोंड धुऊन, वर शर्ट, टाय, कोट असा जामानिमा करून, खाली चड्डीवर, खोलीत शिरलो, तर हँगर रिकामा! झालं होतं असं की एक घाईतले गृहस्थ तीन पँटी घेऊन त्या खोलीत शिरले, त्यांना तिन्ही आवडल्या नाहीत आणि तिथे आधीच लटकणारी चौथी आवडली. तिला किमतीची चिठ्ठी नव्हती. कडक इस्त्रीने चिठ्ठी पडली असेल म्हणून नव्या पँटीची किंमत लावली आणि ती त्यांना विकली. ते ती घालूनच गेले. माझी पँट, मामा! माझ्या घरी धुतलेली, माझ्या बायकोने शिवलेली!

दुकानात शेकडो पँटी असताना दुसरी का नाही घातलीस, असं तुम्ही विचाराल. नव्या पँटीची मोहरी शिवलेली नसते. ती वीतभर लांब असते आणि जमिनीवरून फरपटते. तरी मी एक ओढून घेत होतो, तेवढ्यात मालकांचा आवाज आला. मी जो टायच्या काउंटरमागे उडी मारून उभा राहिलो, तो हललो नाही. गिऱ्हाइकाने कोट मागितला तर कडक इस्त्रीकडे बोट दाखवलं, बूट मागितले तर टाय दाखवला. शेवटी मालक म्हणाले, "अहो, जरा इकडे या बघू." आलो. काय करणार? मालकांनी मला टायपासून खाली बघायला सुरुवात केली आणि गुडघ्यांवर येऊन ते थांबले. मी सगळी हकिकत सांगितली.

मालकांनी कडक इस्त्रीला जवळ बोलावलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "वापरलेली पँट पुऱ्या किमतीला विकतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं! याच्याहून मोठा विक्रेता मला कुठे मिळणार?" झालं. अकरा वर्षांची जागा माझ्याच पँटीच्या जोरावर त्याला मिळाली. मला फार लागलं, मामा. घरी येताना मी सायकल हातात धरून चालत आलो.

सोमवारी ते घाईतले गृहस्थ परत आले. आता तक्रार येणार, म्हणून मला (खोटं कशाला बोलू) उकळ्या फुटल्या. पण त्यांचं काम दिवसभर बसून करायचं. उभ्या जन्मात इतकी सुखाची पँट अंगाला लागली नाही म्हणाले, अशाच आणखी तीन द्या. मालकांनी पँट उलटी करून घेतली, तो चौकोनी तुकडा बघितला आणि कोण शिंपी म्हणून विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तुमची भाचेसून आमच्या दुकानात फिटिंग विभागाची प्रमुख झाली. तेव्हापासून मोहरीची मापं घेऊन मी तिच्यापुढे उभा राहतो आणि ती मला "पुढचं माप?" म्हणून विचारते.

तर सायकल घेऊन जा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : एवढ्यात येऊ नका. सायकल सध्या तुमची भाचेसून चालवते. तिला ती छान जमते, चेनही तिच्या वाटेला जात नाही.

ता. क. दुसरा : मी कसा जातो, असं मामी विचारतीलच. मागे कॅरियरवर बसून. पाय दोन्ही बाजूंना ताठ ठेवले की इस्त्री मोडत नाही, गुडघे तेवढे आखडतात. खरं सांगायचं तर इतका टापटीप मी दुकानात कधीच पोचलो नव्हतो. तिच्या पाठीमागे वारा लागत नाही आणि ती चढावर काहीतरी गुणगुणते, ते ऐकायला बरं वाटतं. फक्त कॅरियरच्या सळया फार टोचतात. मामींकडची एखादी लहानशी उशी कोणाबरोबर तरी पाठवा. मूळ त्यासाठीच लिहायला बसलो होतो.

ता. क. तिसरा : पत्र तिने वाचलं. ती म्हणते, "मामांना लिहा, उशी नको, मागचं टायर पाठवा. आणि ते येईपर्यंत तुम्ही चालत या."