पट्टीनं मारलेली रेघ

बाई,

शाळेच्या फाटकाशी, जिथे पाण्याचा रांजण असायचा, तिथे आता एक काळा गुळगुळीत दगड बसणार आहे. आपल्या शाळेत शिकलेली आणि लढाईत मारली गेलेली जी मुलं, त्यांची नावं त्यावर कोरायची. कल्पना चांगली आहे, तिला मी नावं ठेवत नाही. नावं ठेवण्यासारखं पुढे घडलं. मागच्या रविवारी माजी विद्यार्थ्यांच्या समितीत यादी वाचली गेली. चार नावं. पाचवं येईल म्हणून मी कान देऊन बसले, तर चहा आला.

पाचवा कोण ते तुम्हाला सांगायला नको. डोंगराखालच्या वाडीतला तो काटकुळा मुलगा, गणित चुकलं की स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घ्यायचा. दिवाळी झाली की त्याचे आईबाप बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जायचे आणि पोरांनाही न्यायचे. तो सैन्यात भरती झाला तेव्हा तुम्ही माझ्याकडे पेढा मागितला होतात, जणू मीच त्याला पाठवला. पुढचं तुम्हाला कळलं नाही. तुम्ही गेलात त्यानंतर दोन वर्षांनी, कारगिलच्या उन्हाळ्यात, तो तिरंग्यात गुंडाळून घरी आला. आपली सगळी शाळा रस्त्याच्या कडेला रांगेत उभी होती. तेव्हाचे मुख्याध्यापक माइकवरून म्हणाले, "आमच्या शाळेचा सुपुत्र." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्या दिवशी कुणी रजिस्टर मागितलं नव्हतं.

आता मागितलं. समितीचे अध्यक्ष शेलूला इमारती बांधतात. माझ्याच हाताखालून गेलेत, निबंधात ओळीला एक चूक ठरलेली. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण तो आपल्याकडे दहावी झाला नाही, दाखला आश्रमशाळेचा आहे. सातवीत नाव कमी केलंय. लाल रेघ आहे चांगली. उद्या कुणी विचारलं तर?"

"विचारलं तर माझ्याकडे पाठव. तू नववीला दोनदा बसलास तेही रजिस्टरात आहे. तुला अध्यक्ष करताना कुणी उघडलं होतं का?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षही हसले, पण वाक्य सोडेनात. "नियम म्हणजे नियम, मॅडम. तुम्हीच शिकवलंत."

मी म्हटलं, त्या काळच्या कारकुनानं घाईत ओढली असेल रेघ. कारकून बिचारा कधीच गेला, उत्तर द्यायला येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन रजिस्टर काढायला लावलं. पान उघडलं. आपल्या शाळेत नावं खोडायची ती हातानं, वेडीवाकडी. ही रेघ सरळ होती. पट्टी ठेवून, दोन्ही टोकांना बारीक ठिपका देऊन मारलेली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर तशी शिकवायच्या, खाडाखोडसुद्धा नेटकी हवी म्हणून. सगळ्या कर्जत तालुक्यात तशी रेघ मारणारी एकच बाई होती, मी.

माझं पहिलं वर्ष आठवतं. डिसेंबर आहे, स्टाफरूममध्ये तुम्ही भुईमुगाच्या शेंगा सोलताय आणि मी मोठ्या कर्तव्यबुद्धीनं हजेरीत लाल शाई घेऊन बसलेय. वर्गातली सहा मुलं महिनाभर आलेली नाहीत. तुम्ही मान न वळवता विचारता, "काय गं कॉन्व्हेंट, पोरं मेली का?"

"नाही बाई, गैरहजर आहेत."

"मग त्यांच्यावर रेघ कशाला ओढतेस? भट्टीवर गेलीत, जूनमध्ये येतील. साहेब तपासायला आले तर मी आहे."

मग तुम्ही ती वही दाखवलीत. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, आत सगळं पेन्सिलीनं. कुठलं पोर, कुठल्या भट्टीवर, बरोबर धाकटं भावंड आहे का, पाढे कुठपर्यंत आलेत. जूनमध्ये पहिल्या दिवशी तुम्ही त्या वहीवरून हजेरी घ्यायचात. पायांना अजून विटांची माती असलेलं पोर आपलं नाव आपल्या जागी ऐकायचं आणि "हजर" असं ओरडायचं की बाकीचे दचकत. मला हा सगळा अजागळपणा वाटायचा. तुमचा धाक होता म्हणून गप्प बसले.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी ती वही खाकी कागदात सुतळीनं बांधून माझ्या हातात दिलीत. "आता ही तुझी. शाई नको वापरूस." मी वाकून नमस्कार केला. आणि त्याच हिवाळ्यात पट्टी काढली.

जूनची हजेरी चाललीय. तो दाराशी उभा आहे, पोत्याच्या कापडाची पिशवी खांद्याला. एकेक नाव पुढे जातंय, तसा तो चवड्यांवर उंच होतोय. हजेरी संपते. मी म्हणते, "तुझं नाव नाही."

"असंल बाई. नीट बघा ना."

"नाही म्हटलं ना. बापाला घेऊन ये, नव्यानं नाव घालू."

बाप आला नाही. मुलगाही आला नाही. आश्रमशाळेनं त्याला उचललं, जेवू घातलं, दहावी केलं. त्यांचं भलं होवो. पण बाई, तो आपल्याकडून गळला नव्हता. मी त्याला दारातून परत पाठवला होता.

बुधवारी वाडीत गेले. त्याची आई थकलीय, पण नजर शाबूत आहे. मला बघून म्हणाली, "तुमी शाळंतल्या ना गं बाई? बसा." दगडाचं सांगितलं. ती म्हणाली, "भट्टीवर पोरं चिडवायची त्याला. तू रं कसला शाळंतला, तू तं विटांतला. तो म्हनायचा, माजं नाव हाय तितं, मोठ्या बाईंनी ठेवलंय." "एका साली मातर रडत आला. कंची बाई होती कोन जाने." ती मलाच धीर द्यायला लागली, "ऱ्हाऊ द्या बाई. दगडावर नसलं तरी आमाला म्हाईत हाय. या वयात कशाला भांडताय?"

"मला भांडायला आवडतं," मी म्हटलं. ती तोंडाला पदर लावून हसली. तिला खरं सांगायला मी गेले होते. एवढी चालणारी माझी जीभ तिथे चालली नाही.

म्हणून काल समितीत चालवली. रजिस्टर आणि तुमची वही टेबलावर ठेवली. म्हटलं, कारकुनाचं नाव मी उगाच घेतलं. रेघ माझी आहे. पोर शाळा सोडून गेलं नव्हतं, दरवर्षीसारखं भट्टीवर गेलं होतं, हे इथे आपल्याच मुख्याध्यापिकेच्या अक्षरात आहे. वाचा. अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं, "दर दिवाळीनंतर कामाला जातो. जूनमध्ये येतो. नाव काढू नये." मग तीच ओळ त्यांनी पुन्हा मनात वाचली. त्यांची स्वतःची आत्या कधीकाळी भट्टीवर मुकादमाकडे राबलेली, ते मला ठाऊक होतं.

वही मिटून त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, रेघेचं हे इतिवृत्तात लिहायचं का?"

"लिहा. माझ्या नावासकट. आणि शाईनं."

पाचवं नाव मंजूर झालं. दगड कोरणारा खालापूरचा आहे. फोनवर म्हणाला, "खाली वीतभर जागा हाय मॅडम, बसंल. पन चार नावं कोरून झालीत, हे शेवटाला येईल." म्हटलं, येऊ दे, शेवटी उभं राहायची त्याला सवय आहे, अक्षर मात्र इतरांएवढंच हवं, सुतानंही कमी चालणार नाही. उद्या सकाळी तो कोरायला बसेल तेव्हा मी शेजारी खुर्ची टाकून बसणार. त्याआधी टेंपो घेऊन वाडीत जाणार, त्याच्या आईला आणायला. ती कंची बाई होती ते तिला वाटेत सांगणार. उतरून गेली तर जाईल. तो तिचा हक्क आहे.

तुम्हाला हे पत्र कुठे पाठवणार? ते त्या वहीतच ठेवते. पण बाई, काल सभा उठताना सगळे म्हणाले, मॅडमनी बाईंची वही किती वर्षं जपली. मी मान डोलावली. तुम्ही शेवटच्या आजारात दहिवलीच्या घरी विचारलं होतंत, "वही बघतेस ना गं?" आणि मी म्हटलं होतं, "बघते की." तिच्यावरची तुमची सुतळीची गाठ मी या गुरुवारी सोडली.