कोमट डबा

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव

जुना कॉम्प्युटरच बरा होता. शिंदखेड्याच्या घरी माझे वडील, नाना, टीव्हीवर माझ्या सर्व्हरवरच्या कुस्त्या लावायचे, तेव्हा इथे त्याचा पंखा घरघरायचा. हा नवा एआरएमवाला, बिनपंख्याचा डबा मेला हूं की चूं करत नाही. आज सहज हात लावला, तर कोमट, म्हणजे काहीतरी चालू! स्क्रीनवर पाहिलं, तर नानांच्या नावावर कुस्ती चालू. नाना दिवाळीतच गेले. आईला तर कुस्ती बघवत नाही. मग कोण बघतंय? घाबरत आईला फोन लावला.

"मी कोठे देखस रे भाऊ?" आई म्हणाली. "मी सयपाकघरमा शे. कुस्तीना आवाज चालू ऱ्हायना का तुना नाना घरमाच शेतस, अशं वाटस."

फोन ठेवला. पुन्हा डब्यावर हात ठेवला. अजून कोमट आहे. गार होईल या भीतीने हात काढवत नाही.