पहिल्या पाण्याचे तीर्थ

पौष वद्य सप्तमी
हे गजानना, जे घडले ते न झाकता लिहिण्याची बुद्धी दे.
सईच्या रक्तात शिसे निघाले. माझी नात, चार वर्षांची. पोटदुखी, चिडचिड, अन्नावर वासना नाही. आम्ही दृष्ट काढीत राहिलो. डॉक्टरीणबाईंनी काजळ, खेळणी, भिंतीचा रंग, भांड्यांची कल्हई, सारे विचारले. शेवटी, "चाळ जुनी ना? पाण्याची नळी कसली आहे?"
ठाऊक नव्हते. सारा जन्म ह्या फणसवाडीत गेला, आणि ठाऊक नव्हते.

पौष वद्य दशमी
जिन्याखालची नळी नाण्याने खरवडली. वरून करडी, आत चांदीसारखी चकाकली. शिसेच. रस्त्यापासून चाळीपर्यंत तीच.
सूनबाई मृणाल सईचे पाणी नेमाने उकळते. उकळून शिसे जात नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आज सांगितले.

पौष अमावास्या
दोन बाटल्यांच्या तपासणीचा निकाल आला. एक पहाटे नळ सोडताच भरलेली, दुसरी बराच वेळ वाहू दिल्यावर. दुसरीत शिसे थोडे. पहिलीत कितीतरी पट. रात्रभर नळीत थांबलेले पाणी ते.
पहिले पाणी. कुणी न शिवलेले. सोवळ्यात मीच भरतो, त्यानेच बाळकृष्णाला स्नान, तेच तीर्थ सईच्या तळहातावर. ती "अजून" म्हणते, मी अजून घालतो.
घरात सर्वांत वाईट पाणी कुणाला मिळाले? देवाला, आणि तिला.

माघ शुद्ध द्वितीया
गच्चीवर सभा. नळी सर्वांनी मिळून बदलू, एवढेच मागितले. मालक फोन उचलीत नाहीत. चाळीचे सेक्रेटरी केणी म्हणाले, "अप्पा, पुनर्विकास होणारच आहे. पडणाऱ्या दाताला सोन्याची टोपी कशाला?" हशा. हा पुनर्विकास सईच्या बापाच्या मुंजीपासून ऐकतो आहे.
वरच्या मजल्यावरच्या नलिनीताई: "हेच पाणी पिऊन आपण म्हातारे झालो की नाही?"
"झालो. जे झाले नाहीत, त्यांची आठवण कोण ठेवतो?"
त्या रागावल्या. हात दोनच वर. माझा आणि मृणालचा.

माघ शुद्ध चतुर्थी
गणेशजयंती. पहिले पाणी मोरीत सोडून दिले. जीव तुटला. नलिनीताई कठड्यावरून ओरडल्या, "काय हो अप्पा, पाणी वाया घालवताय? तुम्ही?" ज्यांना वर्षानुवर्षे बजावले, त्यांनी आज मला बजावले.
अभिषेक नंतरच्या पाण्याने केला. पण शिसे त्यातही आहेच; ते तीर्थ लेकरांच्या मुखी घालवेना. दाराशी तीर्थासाठी चाळकऱ्यांची नेहमीची रांग. पुढे केणी, कडेवर नातू.
"तीर्थ नाही. तिळाचा लाडू घ्या."
"आजच्या दिवशी? अहो, तीर्थाने कधी कुणाचं वाईट झालंय का?"
"सभेत तुमचा हात वर झाला नाही. इथे मात्र नातवाचा पुढे केलात."
लाडू न घेता गेले. जिन्यात मोठ्याने, सर्वांना ऐकू जावे असे: "म्हाताऱ्याची श्रद्धा उडाली!"
उरलेली रांगही मोडली. लाडू डब्यात तसेच. ज्यांना नळी नको, त्यांना तीर्थ मात्र हवे. गजानना, तूच...

माघ शुद्ध पंचमी
पूजेनंतर सईने सवयीने तळहात पुढे केला. मृणालने मागून येऊन तो मिटला. मी पळी खाली ठेवली. तुळशीचे पान दिले.
"पाणी कधी देणार, आजोबा?"
"नळी बदलली की."
"कधी बदलणार?"
मी तिला आणखी एक पान दिले.
दुपारी केण्यांची सून आली. आत येईना. उंबऱ्यापाशीच, हळू आवाजात, "अप्पा, सईची ती रक्ताची तपासणी कुठे केलीत?" मृणालने पत्ता सांगितला. जाताना वळून, "आमच्या घरी बोलू नका हं."
बोलणार नाही. पण पुढच्या सभेत ती हात वर करील का? करू देतील?
हे पुढे कुणी वाचलेच, तर त्याच्या घरचे पहिले पाणी निर्मळ असो, आणि त्याच्या लेकराने पुढे केलेला हात कुणाला मिटावा न लागो.