पानाच्या तळाशी पासवर्ड

मंगळवार, संध्याकाळ

डोंगरी गावच्या फिलूआंटीच्या होमस्टेची वेबसाइट मीच केलीय. दुपारी ती अडकली, म्हणून टेम्प्लेटमध्ये एक ओळ टाकून सर्व्हरची सगळी आतली सेटिंग पानाच्या तळाशी छापून बघितली. आणि ती ओळ तशीच ठेवून नया नगरला कबाब खायला गेलो. येडाच मी! त्यात पासवर्ड होता. त्याने पाहुण्यांची आधार कार्डं उघडतात.

तिथेच आंटीचा फोन आला, “पोरा, पानाखाली ह्या काय लिवलंय? फोटो काढून गावच्या ग्रुपवर इचारलं, कुनालाच ठाव न्हाय.”

ग्रुपवर!

धावत घरी आलो, ओळ काढली, पासवर्ड बदलला. कुणी आत शिरलं असेल का? नसेल. पानाच्या तळाशी कोण बघतं?

आत्ताच आंटीचा मेसेज आला, “माझा भाचा बोलतो, तो पासवर्ड आता चालत न्हाय.”

आता? म्हणजे आधी चालला?