तळाची मूठभर माती

अहो सायलीचे बाबा,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी अवाक्षर बोललेली नाही. फोटोला हार घालते, तोही सासूबाई हातात देतात म्हणून. आज मात्र राहवेना. आज तुमच्या आबांनी आपल्या सायलीला मळ्यातल्या विहिरीवर नेलं होतं.

पोरगी ओल्या केसांनी नाचतच घरात आली. मुठीत चिखल. "आई, तळाची माती काढली! बाबांसारखी!" मागून आबा, छाती फुगवून. "पाठीवरचा तरंगायचा डबा पन सोडला गं तिनं! तिला सांगितलं, श्वास गच्च कोंड, तळाला जा, माती धर आनि लाथ मारून सरळ वर ये. बापाची लेक हाय!"

सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले.

तुमच्या गावात तळाची माती आणून दाखवल्याशिवाय कुणाला पोहता येतं असं मानतच नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही मला काठावर बसवून ती आणली होती. मी कर्जतच्या मास्तरांची मुलगी, बादलीत पाय घालायला भिणारी. तुम्ही तो चिखल माझ्या तळहातावर ठेवलात आणि मी भाळले! खोटं कशाला बोलू? तेव्हा तुम्ही मला फार मोठे वाटला होतात.

मग मालवण. तुमच्या कंपनीतली मंडळी होती सोबत. बुडी मारण्याआधी होडीत पाठीवर हवेची टाकी बांधताना त्या शिकवणाऱ्या मुलाने किती समजावून सांगितलं होतं! "पाणी उथळ आहे, दोन पुरुषसुद्धा खोल नाही. एकच लक्षात ठेवा. नळीतून श्वास घेत राहायचा, सोडत राहायचा. कोंडायचा नाही. वर येताना तर अजिबात नाही." प्रत्येकाकडून त्याने ते वदवून घेतलं. आणि तुम्ही?

"ओ दादा, आमी पाच पुरुष खोल विहिरीचा तळ काढतो. ह्या डबक्यात काय शिकवता आमाला?"

सगळी होडी हसली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

मी मात्र सांगितलं तसंच केलं. मला पोहता येत नव्हतं, माझ्याकडे मिरवायला काही नव्हतंच. त्याच्यासोबतच्या शिकवणाऱ्या मुलीने माझा दंड धरला आणि हळूहळू खाली नेलं. काय शांतता होती हो तिथे! आपलाच श्वास तेवढा ऐकू येत होता. पोवळ्याचे खडक, काही अगदी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. त्यांच्यातून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे यायचे, माझ्या बोटांना हुंगून जायचे. मी भिणं विसरून गेले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्या पाण्यात नवरा गेला त्याला सुंदर म्हणणारी बाई लोकांना कशी दिसेल? पण होतंच ते सुंदर. तुम्हालाही दिसलं असतं. दोन मिनिटं नुसतं बघत राहायला काय झालं होतं तुम्हाला?

पण नाही. तुम्ही त्या मुलाचा हात झटकलात. खडकांमधली मूठभर वाळू उचललीत, काचेतून माझ्याकडे बघून डोळा मारलात. तुमच्या नळीचे बुडबुडे थांबले. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मग लाथ मारून तुम्ही सरळ वर. होडीतले सांगतात, तुम्ही मूठ उंचावूनच बाहेर आलात आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मला सावकाश वर आणेपर्यंत तुमच्या तोंडाला गुलाबी फेस आला होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मला ओळखलं नाहीत.

डॉक्टरांनी नंतर मला बसवून समजावलं. विहिरीत माणूस वरून श्वास भरून नेतो, तोच घेऊन परत येतो, म्हणून कोंडला तरी चालतो. टाकीतली हवा दाबाखालची. वर येताना ती छातीत फुगते, सोडली नाही तर फुप्फुस फाटतं. "एवढ्याशा पाण्यात?" मी विचारलं. "एवढ्याशा पाण्यातही," ते म्हणाले.

आणि गावात काय चाललंय, माहीत आहे? "दर्यानं नेला." "त्याची येळच भरली व्हती." तुमची आत्या तर सुतकातच म्हणाली, "हिलाच दर्या बगायचा व्हता." ऐकून घेतलं. का, सांगू? खरं सांगायचं तर आबांसमोर सांगावं लागलं असतं. त्यांनीच तुम्हाला श्वास कोंडायला शिकवला. त्या म्हाताऱ्याच्या जिवाला हा घोर कसा लावून द्यायचा? तुम्ही बरे सुटलात. थट्टा करून गेलात आणि तोंड शिवून बसायला मला ठेवलंत.

आज जेवताना सायली म्हणाली, "आई, मी मोठी झाले की समुद्राच्या तळाला जाणार. बाबा गेले तिथेच. आणि वाळू घेऊन येणार." आबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. त्यांचे डोळे भरून आले होते. आणि मला तुमचा इतका राग आला की ताट तसंच टाकून उठले.

तिला मी पाण्यापासून तोडणार नाही. तिला ते मासे बघू देत, माझ्यापेक्षा जास्त वेळ बघू देत. पण उद्या सकाळी आबांच्या समोरच तिला सगळं सांगणार आहे. तुझ्या बापाला समुद्राने नेलं नाही. त्याला नीट सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. आबा कोलमडतील, मला ठाऊक आहे. त्यांना मी सावरेन, तुमच्या वाटचं तेही करेन.

सायली रडेल, मग तुमच्यावर चिडेल. कदाचित तुमच्या फोटोसमोर उभीही राहणार नाही. चालेल मला. तुमचा अभिमान उराशी धरून बुडालेली लेक मला नको आहे.

अजून तुमचीच,
सुनंदा